खरखरीतले गाणे : विल्को हा बँड अल्बमच्या क्रमाने ऐकताना

१. हे टिपण कशासाठी

हे टिपण विल्को या अमेरिकी बँडविषयी आहे. ते वाचण्यासाठी त्यांचे एकही गाणे आधी ऐकलेले असण्याची गरज नाही. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात संदेशवहन शिकवतो, त्यामुळे काही उदाहरणे रेडिओची येतील. रेडिओ मात्र मी ओढूनताणून आणलेला नाही. या बँडच्या नावातच तो आहे. रेडिओवरच्या बोलण्यात 'विल कम्प्लाय', म्हणजे 'सूचना मिळाली, तसे करतो', याचे जे संक्षिप्त रूप वापरतात तेच हे 'विल्को'.

विल्कोची गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगितली जाते: हा 'अल्टरनेटिव्ह कंट्री' या प्रकारातला बँड होता, पुढे त्याने कंट्री सोडले, प्रयोग केले आणि तो मोठा झाला. मीही बरीच वर्षे हीच गोष्ट सांगत होतो. कारण मी बँड ऐकायला सुरुवात केली ती त्यांच्या सर्वांत गाजलेल्या, २००२ च्या अल्बमपासून. आधीचे अल्बम मी कच्चे म्हणून बाजूला ठेवले होते. नंतर सगळे अल्बम पहिल्यापासून क्रमाने ऐकले, आणि ही गोष्ट मला चुकीची वाटू लागली. माझे म्हणणे असे आहे: विल्कोने कंट्री गाणे कधीच फारसे सोडले नाही. बदलले ते गाणे आणि ऐकणारा यांच्यामधले माध्यम. हे म्हणणे कितपत टिकते ते आपण एकेका अल्बमवर तपासू. शेवटी त्यातली अडचणही सांगेन.

२. कंट्री, देश आणि रेडिओ

'कंट्री' या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत: राष्ट्र आणि गावाकडचा मुलूख. मराठी वाचकाला हे अवघड जाऊ नये. आपला 'देश' तसाच आहे. 'देशासाठी' म्हटले की राष्ट्र, आणि कोकणातला माणूस 'देशावर गेलो होतो' म्हणाला की घाटमाथ्यापलीकडचा मुलूख. मतंगाच्या 'बृहद्देशी' या ग्रंथात तर मुलखामुलखातल्या लोकांच्या संगीताला 'देशी' असे नावच आहे. बेंगळुरूत राहणाऱ्यांना कन्नडमधला 'नाडु' शब्दही आठवेल. राज्याच्या गीताला इथे 'नाडगीते' म्हणतात. तेव्हा कंट्री म्हणजे त्यांचे देशी संगीत, एवढे आत्ता पुरे.

पण या देशी संगीताची एक खोड लक्षात ठेवा. ते आपल्यापर्यंत शेतातून थेट आलेले नाही. ध्वनिमुद्रिका आणि एएम रेडिओ यांनी त्याला आजचे रूप दिले. शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्रावर १९२४ मध्ये आणि नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर १९२५ मध्ये 'बार्न डान्स'चे कार्यक्रम सुरू झाले. नॅशव्हिलच्या कार्यक्रमालाच पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव मिळाले. कार्टर फॅमिली या घराण्याची गाणी १९३० च्या दशकाअखेरीस मेक्सिकोच्या हद्दीतल्या प्रचंड शक्तीच्या प्रक्षेपकावरून अमेरिकाभर ऐकू जात. म्हणजे ज्याला आपण मातीतले गाणे म्हणतो, ते लाखो लोकांनी पहिल्यांदा ऐकले ते खरखरीसकट.

ही खरखर का येते? एएममध्ये माहिती लहरीच्या उंचीवर, म्हणजे आयामावर, चढवलेली असते. वीज चमकली, शेजारी मिक्सर सुरू झाला, की तो विद्युत गोंगाटही आयामातच मिसळतो, आणि रेडिओ सेटला गाणे कुठले व गोंगाट कुठला हे ओळखता येत नाही. माझ्या लहानपणी आकाशवाणी सांगलीवर अभंग लागला आणि त्याच वेळी कुणी गिरणी चालू केली, की अभंग आणि खरखर एकत्रच कानावर यायचे. आजही ते अभंग मला खरखरीसकटच आठवतात.

३. आधीचा बँड : अंकल टुपेलो

इलिनॉय राज्यात, सेंट लुईस शहराजवळ बेलव्हिल नावाचे गाव आहे. तिथल्या जे फॅरर, जेफ ट्वीडी आणि माइक हाइडॉर्न या तरुणांनी १९८७ मध्ये अंकल टुपेलो हा बँड काढला. पंक रॉकचा जोर आणि जुन्या कंट्रीची चाल त्यांनी एकत्र आणली. १९९० च्या पहिल्या अल्बमचे नाव 'नो डिप्रेशन'. हे नाव कार्टर फॅमिलीने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावरून घेतलेले आहे. पुढे १९९५ मध्ये याच नावाचे नियतकालिक निघाले आणि या सगळ्या प्रकारालाच काही लोक 'नो डिप्रेशन' म्हणू लागले. अल्टरनेटिव्ह कंट्रीची सुरुवात बहुधा या अल्बमपासून मोजतात.

तुम्ही मात्र त्यांचा तिसरा अल्बम आधी ऐका. त्याचे नाव 'मार्च १६–२०, १९९२' असे आहे, कारण जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी तो त्या पाच दिवसांत ध्वनिमुद्रित झाला. निर्माता होता आर.ई.एम. या बँडचा गिटारवादक पीटर बक. इलेक्ट्रिक गिटारचा जोर इथे नाही. कोळसा खाणीतल्या मजुरांची आणि धार्मिक वळणाची जुनी गाणी, शेजारी स्वतःची नवी गाणी, आणि दोन्हींत सांधा दिसत नाही. जुने गाणे आणि आपले गाणे यांत अंतर नाही, हा विश्वास या अल्बमचे बळ आहे. तीच त्याची मर्यादाही आहे. विशी-पंचविशीतली मुले म्हाताऱ्या खाणकामगाराच्या आवाजात गातात तेव्हा ते कधी खरे वाटते, कधी कपडे चढवल्यासारखे.

१९९३ चा 'ॲनोडाइन' हा चौथा अल्बम. त्यानंतर १९९४ मध्ये फॅरर आणि ट्वीडी वेगळे झाले. फॅररने सन व्होल्ट हा बँड काढला. उरलेल्यांना घेऊन ट्वीडीने विल्को सुरू केला.

४. 'ए.एम.' (१९९५)

विल्कोच्या पहिल्या अल्बमचे नाव 'ए.एम.' आहे. हे नाव एएम रेडिओकडे बोट दाखवते. गाणीही तशीच आहेत: तीन-चार मिनिटांची, चटकन लक्षात राहणारी, पेडल स्टील आणि फिडलने सजलेली. त्याच वर्षी सन व्होल्टचा 'ट्रेस' आला आणि समीक्षकांनी त्याला उजवे ठरवले. ते बरोबरच होते. 'ट्रेस'मध्ये फॅररच्या आवाजाला वजन आहे. 'ए.एम.'मध्ये ट्वीडी अजून आपला आवाज शोधतो आहे.

मग हा अल्बम का ऐकायचा? मोजपट्टी म्हणून. इथे प्रक्षेपण स्वच्छ आहे आणि ऐकणारा कोण याविषयी गाणाऱ्याला शंका नाही. प्रयोगशाळेत आपण आधी गोंगाट नसलेला सिग्नल ऑसिलोस्कोपवर पाहून घेतो, तसा हा अल्बम पाहून ठेवा. दुसरे, त्यात विनोद आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याचा परवाना गमावलेल्या माणसाचे एक गाणे आहे, तो आता दुसऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून कुरकुर करतो. स्वतःवर हसणारा हा माणूस पुढच्या अवघड अल्बमांतही भेटतो. पहिला अल्बम वगळला तर तो तिथे ओळखू येत नाही. मी वगळला होता, म्हणून मला ते अल्बम नुसतेच गंभीर वाटले.

५. 'बीइंग देअर' (१९९६)

हा जोड-अल्बम: दोन तबकड्या, एकोणीस गाणी. तो एका तबकडीच्या किमतीत विकला जावा म्हणून बँडने आपल्या मानधनाचा वाटा कमी करून घेतला. पहिल्या गाण्याची सुरुवात गोंगाटाने होते. त्या गाण्यात वादकांनी आपापली वाद्ये अदलाबदल करून वाजवली आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या हातात सवय नसलेले वाद्य. त्या धडपडत्या आवाजातून हळूहळू एक साधे गाणे वर येते. जुन्या गावात परतलेल्या, संगीताने झपाटलेल्या माणसाविषयीचे ते गाणे आहे.

माझ्या मुद्द्याचा पहिला भक्कम पुरावा याच अल्बममध्ये आहे. 'आउटासाइट (आउटा माइंड)' हे गाणे पहिल्या तबकडीवर जोरकस रॉक म्हणून येते. तेच गाणे, शब्दही तेच, दुसऱ्या तबकडीवर 'आउटा माइंड (आउटा साइट)' असे नाव उलटवून, हलक्या चालीच्या जुन्या पॉपसारखे येते. दोन्ही लागोपाठ ऐका. गाण्याचा सांगाडा आणि त्यावर चढवलेला आवाज या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे बँड इथे स्वतःच उघड करून दाखवतो. एकच अभंग भजनी मंडळात, नाट्यपदाच्या ढंगात आणि शास्त्रीय मैफलीत आपण ऐकलेला असतो. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला नवी वाटणार नाही. रॉक अल्बमवर मात्र ती अशी समोरासमोर मांडलेली क्वचित सापडते.

६. 'मर्मेड ॲव्हेन्यू' (१९९८) आणि 'समरटीथ' (१९९९)

वुडी गथ्री या लोकगायकाने चाल न लावलेल्या गीतांचा मोठा साठा मागे ठेवला होता. त्याची मुलगी नोरा गथ्री हिने ती गीते इंग्लिश गायक बिली ब्रॅग याला दिली आणि ब्रॅगने विल्कोला सोबत घेतले. गथ्री ब्रुकलिनमध्ये ज्या रस्त्यावर राहत असे त्याचे नाव अल्बमला आहे. कागदावर शब्द होते, चाल हरवलेली होती. ती नव्याने लावताना बँडने जुन्या काळाची नक्कल केली नाही. आपल्याकडे जुन्या वहीतल्या ओव्यांना नवी चाल लावणाऱ्यांनी हा अल्बम जरूर ऐकावा.

'समरटीथ'मध्ये जे बेनेट या सहकाऱ्याच्या साथीने कीबोर्ड आणि मेलोट्रॉनचे थर चढतात. चाली उन्हासारख्या लख्ख आणि शब्द काळेकुट्ट. मला हा अल्बम थोडा जास्तच सजवलेला वाटतो. पण इथे पहिल्यांदा आवाज आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात, आणि पुढच्या अल्बमची वाट तिथूनच जाते.

७. 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' (२००२)

आता थोडे थांबू, कारण सगळा वाद या अल्बमवर आहे.

आधी हकीकत. बँडने हा अल्बम शिकागोतल्या आपल्या माडीवर, ज्याला ते 'लॉफ्ट' म्हणतात, ध्वनिमुद्रित केला. त्या काळात ढोलकी-ड्रमच्या जागी ग्लेन कॉची आला. मिश्रण जिम ओ'रूर्क याने केले, आणि त्यानंतर जे बेनेट बँडबाहेर गेला. रिप्रीज या कंपनीने २००१ मध्ये अल्बम काढायला नकार दिला. बँड ध्वनिमुद्रण घेऊन बाहेर पडला आणि सप्टेंबर २००१ मध्ये त्यांनी अख्खा अल्बम आपल्या संकेतस्थळावर ऐकण्यासाठी खुला केला. एप्रिल २००२ मध्ये तो नॉनसच या कंपनीने काढला. ही कंपनीही त्याच उद्योगसमूहातली होती. अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत तो पहिल्याच आठवड्यात १३ व्या क्रमांकावर आला. सॅम जोन्स याच्या माहितीपटात हे सगळे पाहायला मिळते.

आता नाव. यँकी, हॉटेल, फॉक्सट्रॉट म्हणजे रेडिओवरच्या अक्षरमालेतले वाय, एच आणि एफ. लघुलहरींवर काही गूढ केंद्रे असत, ज्यांना 'नंबर्स स्टेशन' म्हणतात. एक निर्विकार आवाज तासन् तास आकडे किंवा अक्षरे वाचत राहतो. हे संदेश हेरांसाठी असतात असे मानले जाते. अशा प्रक्षेपणांचा एक संग्रह 'कॉनेट प्रोजेक्ट' या नावाने १९९७ मध्ये निघाला, आणि त्यातला एका बाईचा आवाज विल्कोने 'पुअर प्लेसेस' या गाण्याच्या शेवटी वापरला. ती ही तीनच अक्षरे पुन्हा पुन्हा म्हणत राहते, भोवती गोंगाट चढत जातो आणि एकदम तुटतो.

एएम आणि लघुलहरी यांतला फरक लक्षात घ्या. दिवसा मध्यम लहरींवरचे केंद्र आसपासच्या जिल्ह्यांपुरते ऐकू येते. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात, पण वाटेत आवाज चढतो, पडतो, विरतो. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकलेल्या पिढीला हे विरणे माहीत आहे. नंबर्स स्टेशनमध्ये आणखी एक गोष्ट असते: प्रक्षेपण सगळ्यांना ऐकू येते, कळते ते एखाद्यालाच. 'ए.एम.'पासून 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'पर्यंतचा प्रवास मी असा ऐकतो. गाणारा तोच आहे, पण ऐकणारा आता जवळच्या जिल्ह्यात उरलेला नाही. आपले बोलणे पोचते की नाही, ही या अल्बमची भीती आहे. त्यातल्या एका गाण्याचे नावच 'रेडिओ क्युअर' आहे, आणि विषय आहे दूर असलेल्या माणसावरचे प्रेम.

आणि खाली गाणे कोणते आहे? अल्बमच्या पहिल्या गाण्यात जवळजवळ सात मिनिटे घड्याळांचे गजर, विस्कळित ठोके, ऑर्गनचे घोंगावणे चालू असते. त्याखाली मोजके, साधे कॉर्ड गोल फिरत राहतात, कुठल्याही ओसरीवर गिटार घेऊन वाजवता येतील असे. याचा पुरावा बँडनेच नंतर दिला. २०१७ मध्ये ट्वीडीने 'टुगेदर ॲट लास्ट' या अल्बममध्ये विल्कोची काही गाणी एकट्याने, गिटारवर गायली. त्यात हे गाणेही आहे. सगळा गोंगाट काढून टाकला तरी गाणे उभे राहते, आणि जे उभे राहते ते कंट्री आहे: थकलेल्या आवाजात स्वतःच्या चुकीची कबुली. माझ्या लेखी हा निर्णायक पुरावा आहे.

मग गोंगाट काढूनच का ऐकू नये? कारण एकट्या गिटारवर ते कबुलीचे गाणे फार सोपे होते. मूळ ध्वनिमुद्रणात ती कबुली समोरच्यापर्यंत पोचता पोचत नाही, आणि ती न पोचणे हाच तिचा अर्थ आहे. खरखर इथे अर्थाचा भाग होते. एरवी गोंगाट कमी कसा करायचा हेच मी वर्गात शिकवतो, त्यामुळे हे मान्य करायला मला वेळ लागला.

८. गोंगाट कोणासाठी : इंदिरानगरहून

मी हा बँड प्रत्यक्ष कधी ऐकलेला नाही. ऐकला तो इंदिरानगरात, भाड्याच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. चिन्मय मिशन हॉस्पिटल रोडवर तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते. बैयप्पनहळ्ळी ते एम.जी. रोड हा पहिला टप्पा २० ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झाला, त्याआधीची काही वर्षे रस्ताभर ड्रिलचा आवाज असे. 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'मधला कोणता ठोका अल्बममधला आणि कोणता खिडकीबाहेरचा, हे मला पहिल्या काही वेळा खरोखर कळले नाही.

गोंगाट म्हणजे काय हा इंदिरानगरात चर्चासत्राचा विषय नाही, रोजचा आहे. हंड्रेड फीट रोड आणि ट्वेल्थ मेनच्या आसपास हॉटेले, पब आणि राहती घरे भिंतीला भिंत लावून आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५ अशी मर्यादा आहे. रस्ता व्यापारी आणि मागची गल्ली निवासी असेल तर कोणता आकडा धरायचा? २०१८ च्या सुमारास परवान्यांच्या प्रश्नावरून इथल्या अनेक ठिकाणची लाइव्ह वादने बंद पडली. वाजवणाऱ्यांचे आणि झोप न लागणाऱ्यांचे, दोघांचेही म्हणणे मला खरे वाटले. संदेशवहनात आपण म्हणतो की नको असलेला सिग्नल म्हणजे गोंगाट. 'नको' कोणाला, हे त्या व्याख्येत लिहिलेले नसते.

२००४ चा 'अ घोस्ट इज बॉर्न' हाच प्रश्न टोकाला नेतो. त्यातले 'लेस दॅन यू थिंक' हे पंधरा मिनिटांचे आहे. सुरुवातीला एक नाजूक गाणे, आणि मग कित्येक मिनिटे नुसती घरघर. ट्वीडीला अर्धशिशीचा तीव्र त्रास होता, आणि त्याच वर्षी तो वेदनाशामकांच्या व्यसनावर उपचार घेत होता. ती घरघर म्हणजे डोकेदुखी आतून कशी वाटते ते, असे त्याने सांगितले आहे. हेतू समजतो, तरीही मी ती घरघर पूर्ण ऐकतो असे म्हटले तर खोटे होईल. 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'मध्ये गोंगाट आणि गाणे एकमेकांत मिसळलेले होते, इथे ते एकापुढे एक ठेवले आहेत. म्हणून तिथे तो अर्थ देतो, इथे तो फक्त माहिती देतो. या अल्बमला उत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बमचे ग्रॅमी मिळाले. तरी मी त्याला आधीच्या अल्बमखाली ठेवतो.

९. मधली वर्षे

२००४ पासून बँडमध्ये तेच सहा जण आहेत: ट्वीडी, पहिल्यापासून असलेला बासवादक जॉन स्टिरॅट, कॉची, मिकाएल जॉर्गनसन, नेल्स क्लाइन आणि पॅट सॅन्सोन. २००७ चा 'स्काय ब्लू स्काय' स्वच्छ आणि शांत आहे. बापमाणसांचे रॉक म्हणून त्याची थट्टा झाली. पण 'इम्पॉसिबल जर्मनी' या गाण्यात गिटारी एकमेकींचे ऐकून वाजतात, आणि कुणीतरी ऐकणारे असणे हाच त्या गाण्याचा विषयही आहे. आधीच्या दोन अल्बमांतली पोचण्याची भीती ऐकून आलात, तर ही शांतता मिळमिळीत वाटणार नाही. आजारातून उठलेल्या माणसाची ती शांतता आहे. हाच अल्बम सुटा ऐकला तेव्हा मलाही तो मिळमिळीत वाटला होता.

पुढचे 'विल्को (द अल्बम)' (२००९), 'द होल लव्ह' (२०११), २०१५ मध्ये मोफत दिलेला 'स्टार वॉर्स', 'श्मिल्को' (२०१६) आणि 'ओड टु जॉय' (२०१९) यांत चांगली गाणी आहेत, पण बँड कुठे निघाला आहे हे त्यांतून फारसे कळत नाही. चाहता झालात तर ऐकालच. चाहता होण्यासाठी त्यांची गरज नाही.

१०. 'क्रूएल कंट्री' (२०२२)

मे २०२२ मध्ये एकवीस गाण्यांचा जोड-अल्बम आला आणि नावातच 'कंट्री' होते. सहाही जण लॉफ्टमध्ये एकत्र बसून वाजवतात, बरेचसे ध्वनिमुद्रण तसेच थेट. स्टील गिटारचा ओढलेला स्वर परत येतो. हे लेबल आपल्याला कधी मानवले नव्हते, आता आपण ते घेत आहोत, अशा अर्थाचे ट्वीडीने तेव्हा सांगितले.

याला 'घरवापसी' म्हणण्याचा मोह होतो. दोन कारणांसाठी तो टाळा. एक, इथले कंट्री 'ए.एम.'सारखे निःशंक नाही. काही गाणी वाजता वाजता सैल होतात आणि भरकटतात, लघुलहरीवरच्या आवाजासारखी. गोंगाटाने शिकवलेले मोकळेपण त्यांच्या हातात राहिले आहे. दोन, शीर्षकातला 'कंट्री' दोन्ही अर्थांचा आहे. पहिलेच गाणे अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर येणाऱ्या माणसांकडे पाहते. मराठीत 'क्रूर देश' म्हटले तर दोन्ही अर्थ आपोआप येतात: ज्या राष्ट्रावर राग आहे ते, आणि ज्या मुलखाचे गाणे गळ्यात आहे तो. राग आहे म्हणून गाणे टाकता येत नाही, आणि गाणे आवडते म्हणून राग गिळता येत नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी या बँडला असे गाता आले नसते, कारण तेव्हा देशी गाणे त्यांच्यासाठी केवळ प्रेमाची वस्तू होती.

अल्बम लांब आहे. चौदा-पंधरा गाणी ठेवली असती तर तो अधिक चांगला झाला असता. पण याच अल्बमने मला 'ए.एम.'कडे परत पाठवले आणि माझी जुनी समजूत मोडली.

११. माझ्या म्हणण्यातली अडचण

आता विरुद्ध बाजू. 'अ घोस्ट इज बॉर्न'मधले 'स्पायडर्स (किडस्मोक)' हे दहा मिनिटांहून मोठे गाणे एकाच ठोक्यावर यंत्रासारखे धावते. त्याचा वंश सत्तरच्या दशकातल्या जर्मन रॉकमध्ये आहे. खाली कितीही खणले तरी तिथे कंट्री सापडत नाही. 'समरटीथ'चा बराच भाग साठच्या दशकातल्या पॉपचा आहे. तेव्हा 'विल्को नेहमी कंट्रीच गातो' असे म्हणणे चूक ठरेल. बँड अडचणीत असतो तेव्हा त्याचे गाणे कंट्रीच्या सांगाड्याकडे वळते, एवढेच मी म्हणतो.

दुसरी अडचण माझ्या जागेची. बेलव्हिलच्या माणसाला या चालींत जे घर ऐकू येत असेल ते मला येत नाही. माझ्या कानात घर म्हणून सांगली केंद्रावरचा अभंग आहे. दुसऱ्याच्या देशी संगीताचा चाहता होताना ही उणीव राहणारच. अल्बम क्रमाने ऐकल्याने ती भरत नाही, पण कुठे आहे ते कळते.

१२. सारांश आणि स्वाध्याय

चाहता एका गाण्याने होता येते, असे आपण समजतो. माझ्या अनुभवात एक गाणे फक्त दार उघडते. बँडने आधी काय केले होते, मग काय नाकारले आणि पुढे काय परत उचलले, हे अल्बम ओळीने ऐकल्यावरच दिसते. आज ॲप आपल्यासमोर गाणी विस्कटून टाकते. गाणी सगळी हाती येतात, क्रम मात्र हरवतो.

स्वतः करून पाहा:

(अ) 'ए.एम.', 'बीइंग देअर', 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' आणि 'क्रूएल कंट्री' हे चार अल्बम याच क्रमाने, आठवड्याला एक, मध्ये दुसरे काही न लावता ऐका. प्रत्येकानंतर एकच वाक्य लिहा: गाणारा कोणाशी बोलतो आहे?

(आ) 'आउटासाइट' गाण्याची दोन्ही रूपे लागोपाठ ऐकून, कोणत्या रूपात शब्दांचा अर्थ बदलल्यासारखा वाटतो ते कारणासह लिहा.

(इ) हीच पद्धत जवळच्या बँडला लावा. म्हैसूरमध्ये सुरू झालेल्या आणि बेंगळुरूतून वाजवणाऱ्या स्वरात्मा या बँडला 'फोक-रॉक' म्हणतात. त्यांचे 'स्वरात्मा' (२००९), 'टोपीवाले' (२०१२) आणि 'राह-ए-फकीरा' (२०१८) हे तीन अल्बम क्रमाने ऐका. 'फोक' हा शब्द तिन्ही ठिकाणी एकाच अर्थाने लागू पडतो का?

(ई) तुमच्या घरी खरखरीसकट ऐकलेले एखादे गाणे कुणाला आठवते का, ते विचारा. मग त्याचे स्वच्छ केलेले ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवा आणि ते काय म्हणतात ते टिपून ठेवा.